गुलाबी पाकीट

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या पॅपकडे चिवड्याचा डबा द्यायला गेले होते. त्यातले तळलेले खोबऱ्याचे काप त्यांना फार आवडतात, बाकीचा चिवडा ते त्या कापांसाठी खातात. पॅप म्हणजे आजोबा. पेनसिल्व्हेनियाच्या या मधल्या डोंगराळ पट्ट्यात नातवंडं आजोबांना अशीच हाक मारतात, आणि त्यांच्या नातवाचं ऐकून आमची अख्खी गल्ली त्यांना पॅपच म्हणते. स्वयंपाकघरातला ओतीव लोखंडाचा स्टोव्ह धगधगत होता. खुर्चीच्या पाठीवर भडक नारिंगी जाकीट टांगलेलं, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर रायफलचे सुटे भाग मांडलेले, आणि सगळीकडे बंदुकीच्या तेलाचा तो गोडसर, डोक्यात भिनणारा वास. मला बसायला सांगून पॅपनी हात पुसले, पैशांच्या पाकिटातून घडी घातलेला एक कागद काढला, चष्मा कपाळावर सरकवून तो एकदा वाचला, स्टोव्हचं दार चिमट्याने उघडलं आणि कागद आत टाकला. कडेने काळा पडत तो वळला आणि गेला. दार लावून पॅप एवढंच म्हणाले, "एक वाचली."

तो कागद मी जुलैपासून ओळखत होते.

जुलैत याच टेबलाशी बसून त्यांनी त्याचा अर्ज भरला होता. मादी हरीण मारण्याचा परवाना इथे वेगळा काढावा लागतो. तेव्हा त्यासाठी गुलाबी रंगाचं ठरावीक पाकीट असायचं. त्यात अर्ज आणि चेक घालायचा, परतीचं तिकीट लावायचं आणि ते कौंटीच्या खजिनदाराच्या नावाने टपालाने पाठवायचं. परवाने मोजके, आधी येईल त्याला आधी मिळणार, म्हणून त्या आठवड्यात पोस्टात गुलाबी गठ्ठ्यांची रीघ लागायची. २०२३ मध्ये हे सगळं ऑनलाइन झालं आणि पाकिटं गेली. पॅप फार जपून लिहीत होते, एकेक अक्षर सुटं, शाळकरी मुलासारखं ठळक. तिकीट चिकटवून त्यांनी त्यावर अंगठा बराच वेळ दाबून धरला होता. इतक्या निगुतीने मागवलेला परवाना, पैसे मोजून घेतलेला, शिकारीचा हंगाम तीन दिवसांवर आलेला असताना त्यांनी जाळला. नंतर कळलं, जुन्या शिकाऱ्यांमध्ये असं करणारे बरेच. आपण एक परवाना घेऊन जाळला की तो दुसऱ्या कुणाच्या हाती पडत नाही, तेवढी एक मादी रानात राहते, असा त्यामागचा हिशोब. पण माझ्या मनातून तो स्टोव्ह काही जाईना. जो माणूस पहाटे चारला उठून, थंडीत गोठत, हरीण मारायला म्हणूनच डोंगर चढतो, तो हरीण वाचवण्यासाठी पैसे खर्च करतो, आणि त्याला यात काहीच विसंगत वाटत नाही. मलाही त्या क्षणी वाटलं नव्हतं. घरी आल्यावर वाटायला लागलं.

त्यांचं घर समजून घ्यायचं तर मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या राज्यात हरीण जवळजवळ उरलंच नव्हतं. हेमलॉकची झाडं सालीसाठी तोडली, कारण कातडी कमावायला साल लागायची. बाकीचं लाकूड खाणींना आणि रेल्वेला गेलं. डोंगरच्या डोंगर बोडके झाले, लांडगे आणि डोंगरी सिंह संपले, आणि उरलीसुरली हरणं बाजारात मांस विकणाऱ्यांनी संपवत आणली. १८९५ मध्ये राज्याने शिकार-नियमनासाठी गेम कमिशन स्थापन केलं. १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून इथल्या रानात सोडली गेली, आणि १९०७ मध्ये कायदा झाला की शिंगं असलेला नरच मारायचा, मादीला हात लावायचा नाही. पॅपचे आजोबा त्या काळचे. रायफल हातात देताना त्यांनी मुलाला सांगितलं, मुलाने पॅपना सांगितलं: मादी मारणारा शिकारी नव्हे. मारणाऱ्याला शिकारीच्या कॅम्पवर कुणी आपल्या टेबलाशी बसवून घेत नसे. आणि हा संयम खरोखरच फळाला आला. तोडलेल्या जंगलात कोवळे धुमारे फुटले होते, हरणाच्या तोंडाच्या उंचीवर सगळीकडे खाणं होतं, वाघ-लांडग्यांसारखं मागे लागणारं कुणी नव्हतं, आणि माद्या सुरक्षित होत्या. एका माणसाच्या आयुष्यात नामशेष होऊ घातलेला प्राणी रस्तोरस्ती दिसू लागला. ज्यांनी बोट चापावरून मागे घेतलं, त्यांचं हे कर्तृत्व आहे. पॅप हे सांगतात तेव्हा आवाज किंचित चढतो, आणि त्यात काहीही खोटं नाही.

मग जंगल पुन्हा वाढलं, झाडांचे शेंडे उंच गेले, खाली सावली दाटली, आणि हरणं मात्र तेवढीच राहिली. नव्हे, वाढत गेली. दरवर्षी नर मारले जात होते, आणि तेही इतके की शिंगं असलेल्या दर दहा नरांपैकी आठ एका हंगामात संपत. त्यातले बहुतेक दीड वर्षाचे, शिंगं पहिल्यांदाच आलेली. शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्याने येतात; पहिल्या वर्षी ती जेमतेम बोटभर किंवा दोन फाट्यांची असतात. नर मोठा व्हायला रानात शिल्लकच राहत नव्हता. माद्यांचे कळप मात्र फोफावत होते, आणि ते कळप जंगलाचा तळमजला खात होते. ओकची रोपं, ट्रिलियमची तीन पाकळ्यांची पांढरी फुलं, हॉबलबुशची झुडपं, सगळं. जे हरणाला आवडत नाही तेवढं उरलं: बीच, ब्लॅक चेरी, आणि नेचे. वायव्य पेनसिल्व्हेनियात १९८० च्या दशकात वन-संशोधकांनी कुंपणं घालून आत वेगवेगळ्या संख्येने हरणं ठेवली आणि दहा वर्षं पाहिलं. चौरस मैलाला विसाच्या वर हरणं गेली की मधल्या उंचीवर घरटी करणारे काही पक्षी दिसेनासे झाले. इंडिगो बंटिंग नाही, वुड पीवी नाही, सेरुलियन वॉर्ब्लर नाही. हरणाने पक्ष्याला काहीच केलेलं नव्हतं. त्याने फक्त पक्ष्याचं घर रोपटं असतानाच खाल्लं होतं.

१९९९ मध्ये कमिशनमधली हरणांची जबाबदारी गॅरी आल्ट यांच्याकडे आली. हा माणूस अस्वलांचा. हिवाळ्यात अस्वलाच्या गुहेत सरपटत जाऊन पिल्लं मोजणारा, राज्यभर लाडका. त्यांनी गावोगावच्या शाळांच्या सभागृहांत जाऊन पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली: हे कुंपणाच्या आतलं जंगल, हे बाहेरचं. २००१ पासून नर आणि मादी यांचा रायफलचा हंगाम एकत्र झाला. पूर्वी नरांचे दोन आठवडे संपल्यावर माद्यांना जेमतेम तीन दिवस मिळायचे. २००२ मध्ये शिंगांची अट आली. बहुतेक राज्यात एका बाजूला किमान तीन फाटे, पश्चिमेकडच्या काही कौंट्यांत चार, आणि फाटा म्हणजे निदान इंचभर लांब. थोडक्यात, शंभर वर्षं जे शिकवलं ते दोन वर्षांत उलटं करायला सांगितलं. लहान नराला सोड, मादीला मार. २००२ च्या हंगामात राज्यभरात पाच लाखांहून जास्त हरणं मारली गेली. काही सभांना आल्ट बुलेटप्रूफ जाकीट घालून गेले, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. २००४ च्या अखेरीला त्यांनी काम सोडलं. शिकाऱ्यांची एक संघटना कमिशनविरुद्ध कोर्टात गेली.

पॅप त्यांतल्या एका सभेला गेले होते. सभागृहाच्या शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांच्या पुढचे लोक ओरडत होते, त्यांनी तोंड उघडलं नाही. "मला त्या माणसाचा राग आला नाही," ते मला म्हणाले, "तो खोटं बोलत नव्हता, ते दिसत होतं. मला राग याचा आला की तो माझ्या आजोबांबद्दल बोलत होता, आणि आजोबा उत्तर द्यायला तिथे नव्हते."

यानंतरचं जे आहे ते कुठल्या तक्त्यात येत नाही, पण ते खरं आहे. पॉटर कौंटीत त्यांचा कॅम्प आहे. कॅम्प म्हणजे लाकडी खोली, वर पत्रा, आत आठ लोखंडी बंक, कोपऱ्यात भट्टी. मी एकदा उन्हाळ्यात गेले होते. बंद खोलीचा, धुराचा आणि उंदरांचा मिळून एक वास होता. भिंतीवर फळ्या ठोकून त्यांवर शिंगं लावलेली, प्रत्येकाखाली खिळ्याने कोरलेलं साल आणि मारणाऱ्याचं नाव. वडिलांचं, काकांचं, व्हिएतनामला गेलेल्या मोठ्या भावाचं. जुन्या शिंगांत काही इतकी लहान की टोपी अडकवायच्या खुंट्या वाटाव्यात. पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडायचा, शाळांना सुट्टी असायची, खालच्या गावातलं डायनर पहाटे तीनला सुरू व्हायचं. एका सकाळी तीस-चाळीस हरणं दिसणं नवलाचं नव्हतं. कळप कमी केल्यावर दोन दिवस बसून एक शेपटीसुद्धा दिसेना. पहिल्यांदा काका यायचे थांबले, मग त्यांची मुलं. बंक रिकामे होत गेले. कमिशनच्या दृष्टीने संख्या जंगलाला झेपेल अशी झाली होती. पॅपच्या दृष्टीने आठांपैकी पाच बंकांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवायची वेळ आली होती. मला वाटतं, कळप कमी करणं योग्यच होतं. तरी त्या गुंडाळलेल्या गाद्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या नाहीतच असं धरून बोलणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही.

शिंगांच्या अटीचं मात्र वेगळं झालं. ती हळूहळू मुरली. तिच्याबद्दल मला पॅपनी नाही, त्यांच्या नातवाने सांगितलं. लहान मुलांना अटीतून सूट असते, त्यांना दोन फाट्यांचा नरही चालतो. सतरा वर्षांचा होईपर्यंत तो मोजत बसला नव्हता. सतरा पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या हंगामात तो हेमलॉकखाली बसला होता, पाठीला खोड, पायांखाली गोठलेली पानं. थंडीत रायफलवरच्या दुर्बिणीच्या काचेवर श्वासाचं धुकं बसतं, म्हणून तोंड जाकिटाच्या कॉलरमध्ये खुपसून श्वास सोडायचा. उजाडताना समोरच्या उतारावरून नर आला. साठेक यार्ड. उजव्या बाजूला मुख्य दांडा, त्यावर एक फाटा, टोक धरून दोन. कपाळाजवळ तिसरा असावा, पण नेमकी मध्ये बीचची फांदी, आणि बीचची पानं हिवाळ्यातही गळत नाहीत, वाळून तिथेच फडफडत राहतात. मान वळली तर दिसेल म्हणून तो थांबला. बोट चापाजवळ, चापावर नाही. हरणाने नाक वर केलं, कान फिरवले, एक पाय उचलून तसाच धरला. छातीतली धडधड दुर्बिणीत दिसत होती, म्हणाला, क्रॉसची रेघ प्रत्येक ठोक्याला हलायची. मग नराने पाय खाली टेकवला आणि खाली मान घालून उतारामागे गेला. तिसरा फाटा होता की नव्हता ते त्याला आजही माहीत नाही. संध्याकाळी कॅम्पवर त्याने हे सांगितलं तेव्हा पॅप, ज्यांना ती अट कधीच पटली नव्हती, उठले आणि त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने स्टेक परतला. कांदा घालून, लोखंडी तव्यात. बाकी काही बोलले नाहीत.

या पोराचं ऐकताना मला आमच्याकडची जागल आठवत होती. कारंज्याजवळ आमचं शेत आहे, सोहोळचं काळविटांचं अभयारण्य तिथून फार लांब नाही. हरभऱ्याला घाटे धरले की बाबा रात्री माळ्यावर झोपायला जायचे. झोपायला म्हणायचं, झोप कुठली. पत्र्याचा डबा, काठी, मोठी बॅटरी, सुतळी बॉम्बची पुडी. रोही, म्हणजे नीलगाई, आले की आधी ऐकू येत, ओल्या मातीत खुरांचा दबका आवाज, मग घाटे ओरबाडल्याचा चरचर आवाज. बाबा डबा बडवत. कळप धुऱ्यापलीकडे जाऊन थांबे आणि अर्ध्या तासाने परत येई. सकाळी शेतात फिरताना ते तोंडाने काही म्हणत नसत, फक्त खाल्लेल्या ओळींवरून पाय घासत चालत. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार संपली, आणि ती संपली याचा मला आनंद आहे. ती नसती संपली तर सोहोळला आज काळवीट नसते. वनखात्याची परवानगी काढून रोही मारता येतो, असा शासन निर्णय आहे. आमच्या गावात परवानगी काढायला कुणी गेलं नाही. कुणाला मारायचं नव्हतं, आणि सगळ्यांना कुणीतरी ते कमी करावेत असं वाटत होतं. बाबांच्या गळ्यात माळ. ते एका रात्री माळ्यावर मला म्हणाले होते, "हे जनावर वाईट नाही गं. त्याच्यामागे लागणारं कोणी राहिलं नाही, हे वाईट आहे." पॅपना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला बाबांचं नाव दोनदा विचारलं आणि नीट म्हणून पाहिलं.

कुंपणाच्या आत मी पॅपबरोबरच गेले. रोथरॉकच्या सरकारी जंगलात, आमच्या घरापासून गाडीने थोडंसंच, आठ फूट उंच जाळीने वेढलेला एक तुकडा आहे. झाडं कापली की नवी रोपं हरणांनी खाऊ नयेत म्हणून असं कुंपण घालतात. मे महिना होता. बाहेर दोन्ही बाजूंना नेचे, गुडघाभर, पोपटी, इतके सलग की वाऱ्याने लाट यावी. पाय पडला की वाळल्या गवताचा वास येतो. दिसायला फार सुंदर. मला पहिल्या वर्षी तेच जंगल वाटायचं. वर मोठी झाडं, खाली नेचे, आणि मधे काहीच नाही, मधली पिढीच गायब. दाराची साखळी काढून आत गेलो आणि चालायला जागा होईना. मेपल, ओक, बर्च, काटेरी वेली, सगळं एकमेकांत घुसलेलं, कमरेइतकं, कुठे डोक्याइतकं. एका कुजलेल्या ओंडक्याशेजारी ट्रिलियम होती, पाच-सात फुलं. पॅप वाकले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी खाली बसले. पाकळीला हात लावला नाही. म्हणाले, "आईला मदर्स डेला ही आणून द्यायचो. कॅम्पच्या वाटेवर असायची." मग बराच वेळाने, "कधी संपली ते कळलंच नाही. मला वाटलं मी म्हातारा झालो म्हणून दिसत नाही."

परतताना गाडीत मी तो विषय काढला. परवाने किती द्यायचे हे कमिशन कसं ठरवतं ते मी वाचलं होतं. परवाना घेणारा प्रत्येक जण हरीण मारतोच असं नाही. साधारण चार परवान्यांमागे एक मादी मारली जाते. म्हणून जितक्या माद्या कमी करायच्या त्याच्या कितीतरी पट परवाने काढतात. कुणी आळसाने जात नाही, कुणाला दिसत नाही, कुणाचा नेम चुकतो, कुणी जाळतो. हे सगळे त्या गुणाकारात आधीच धरलेले असतात. पॅपनी स्टोव्हमध्ये घातलेल्या कागदाने कुठलीही मादी वाचली नव्हती. हे त्यांना सांगावं की नाही, याचा मी खूप दिवस विचार केला होता. एका वृद्ध माणसाच्या हातातून अशी गोष्ट काढून घेण्यात कसला आलाय शहाणपणा, असं एकीकडे वाटायचं. दुसरीकडे वाटायचं की ट्रिलियमसमोर गुडघे टेकणाऱ्या माणसाला लहान मुलासारखं सांभाळणं हाही अपमानच. मी सांगितलं.

पॅपनी वळणावर गाडी हळू केली. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "वीस वर्षांपासून ठाऊक आहे. तो हिशोब त्यांचा. मी माझ्यापुरतं वडिलांना दिलेला शब्द पाळतो."

मग रेडिओ लावला.

पुढच्या जुलैत गुलाबी पाकीट त्यांनी भरलं, आणि या वेळी तो परवाना जाळला नाही. का, ते मला माहीत नाही. मी कुंपणाला श्रेय देणार नाही, त्यांच्या गुडघ्यांनाही नाही. नोव्हेंबरात रविवारच्या चर्चनंतर ते दारात उभे होते, हातात पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं तीन पौंड मांस. मादीचं. त्यांनी स्वतः मारलेली, आयुष्यातली पहिली. बाकीचं त्यांनी शिकाऱ्यांकडून मांस घेऊन अन्नपेढ्यांना देणाऱ्या योजनेत दिलं होतं. ती योजना १९९१ पासून या राज्यात चालू आहे. "नराचं मांस याच्यापुढे चामडं आहे," असं म्हणाले, आणि कसं मारलं याबद्दल एक अवाक्षर नाही. मी त्याचा वऱ्हाडी रस्सा केला. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे कांदा आणि सुकं खोबरं नेहमीपेक्षा जास्त भाजून घ्यावं लागतं, खसखस थोडी वाढवावी लागते, आणि तेल वर यायला वेळ लागतो. दगडफूल तव्यावर टाकल्यावर पॅप स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले, काय जळतंय म्हणून. जेवताना डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, तरी ताटातलं सगळं संपवलं, भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसून. मी शाकाहारी घरात वाढले नाही, पण रानातल्या जनावराचं मांस इथे येण्याआधी कधी खाल्लं नव्हतं. पहिला घास तोंडात घेताना माळ्यावरचे बाबा आठवले. त्यांना हे सांगायचं धैर्य अजून झालेलं नाही.

इतकं सगळं करून झाल्यावर प्रश्न मिटला असता तर बरं झालं असतं. अटीचा परिणाम दिसतो आहे: पूर्वी मारलेल्या नरांत बहुतेक दीड वर्षाचे असत, आता दोन तृतीयांशाच्या आसपास त्याहून मोठे असतात. पॅपच्या नातवाने गेल्या काही वर्षांत असे नर पाहिले आहेत जे त्याच्या पणजोबांनी कॅम्पच्या भिंतीवर कधी लावले नाहीत. पण २०१२ मध्ये या राज्यात हरणांचा तो रोग सापडला, ज्यात मेंदूला भोकं पडत जातात, जनावर लाळ गाळत, खंगत मरतं. त्यावर औषध नाही, आणि रोगाचा अंश मातीत वर्षानुवर्षं टिकतो. मोठ्या नरांत त्याचं प्रमाण जास्त आढळतं. ते लांब फिरतात, अनेकांच्या संपर्कात येतात. मिझुरी राज्याने रोगग्रस्त कौंट्यांमधून फाट्यांची अट काढून टाकली, लहान नरही मारा म्हणून सांगितलं. म्हणजे हेमलॉकखाली बसून ज्याने तिसऱ्या फाट्यासाठी बोट मागे घेतलं, त्या पोरालाही एक दिवस कुणीतरी येऊन सांगू शकेल की तुझा तो संयम आता जंगलाच्या मुळावर येतो आहे. त्याच्या आजोबांना सांगितलं होतं तसंच.

हे मी त्याला गेल्या हिवाळ्यात विचारलं. आम्ही पॅपच्या अंगणातला बर्फ काढत होतो; पॅप खिडकीतून कुठे किती राहिलाय ते बोटाने दाखवत होते. "सांगितलं तर मोजणं सोडून देशील?" मी म्हटलं. त्याने फावडं बर्फात रोवलं, टोपी वर केली. "सोडेन की," तो म्हणाला. "पण पत्र पाठवून नाही. यायचं इथे, आम्हाला बरोबर घेऊन जायचं, दाखवायचं. आणि पॅपना पुढच्या सीटवर बसवायचं." मग त्याने खिडकीकडे हात करून ओरडून विचारलं, गॅरेजपुढचं आधी काढू की पायऱ्यांवरचं.